कॅलेंडरवर नसलेलं नाव

हृदयविकाराचा धोका तपासणारी एक प्रश्नावली मी मराठीत आणत होते. वाक्यं नीट कळतात का, हे पाहायला कागद घेऊन शेजारच्या सुमनताईंकडे गेले. "जिना चढताना छातीत जळजळ होते का?" मी वाचलं. त्या आत वळून ओरडल्या, "अहो, होते का तुम्हाला जळजळ?"

"त्यांना नाही, तुम्हाला विचारतेय."

"मला होते, पण ते पित्त गं! माझं काय लिहितेस?"

माझं पेन थांबलं. आईच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बारीक अक्षरात बाबांच्या गोळ्या, आमच्या लसी, दुधाचे खाडे असायचे. याद्यांची सवय मला तिथूनच लागली. त्या चौकोनांत तिचं स्वतःचं काही कधीच नसायचं. ती गेली त्या सकाळीही "पित्तच आहे" म्हणत तिने आलं-लिंबू घेतलं होतं.

प्रश्नावलीच्या डोक्यावर मी एक ओळ वाढवली: 'उत्तरं स्वतःबद्दल द्यावीत.' मग माझी वही उघडून उद्याचं पहिलं काम मोठ्याने म्हणत लिहिलं: सुमनताई, डॉक्टर, सकाळी नऊ.

"अगं, नऊला यांच्या पोळ्या असतात!"

मी दुसरं काम लिहिलं: पोळ्या, माझ्याकडून.