रुख्माला शोधणारा नामदेव

बुलढाण्याच्या भाजीबाजारात मी टेम्पोतून वांग्यांचे कॅरेट उतरवत होतो, तेव्हा रुख्मावहिनीचा फोन आला. "सलीमभाऊ, हे उठून नाही राह्यले..." एवढंच बोलली. आमच्या गावी, देऊळघाटला पोहोचलो तोवर माझा मित्र नामदेव गेला होता. मेथीला पाणी देताना छातीत कळ आली, बांधावर बसला, तो बसलाच. त्याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, माणूस चांगला होता, मधे थोडं डोकं फिरलं होतं. ते 'थोडं' काय होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहितो आहे.

आम्ही शाळेपासूनचे, शेतं लागून. एकदा ट्रॉलीवरून पडून नामदेवच्या डोक्याला जबर मार लागला. टाके पडले, जखम भरली, तो कामाला लागला आणि आम्ही सगळे ते विसरून गेलो. मग काही महिन्यांनी तो वहिनीच्या हातचं जेवेना. तिच्याकडे टक लावून बघत राहायचा. एका दुपारी वहिनीची किंकाळी ऐकून मी धावत गेलो, तर नामदेव अंगणात विळा घेऊन उभा आणि वहिनी भिंतीला चिकटलेली.

"विळा ठेव बे, नामदेव."

"पहिले इले विचार, हे कोण हाय? चेहरा रुख्माचा हाय, लुगडं रुख्माचं हाय. पण हे रुख्मा नोहे. माही रुख्मा कोठी नेली?"

तो मला ओळखत होता, गोठ्यातल्या म्हशीला ओळखत होता. जिच्याशी संसार केला, तिलाच नाही... बोलत बोलत जवळ जाऊन मी विळा काढून घेतला. घरात चोर शिरल्यावर माणूस भिऊन बघतो, तसा तो वहिनीकडे बघत होता.

कोणी म्हणालं बाहेरचं आहे, कोणी म्हणालं साखळीनं बांधा. वहिनीचे भाऊ तिला माहेरी न्यायला आले. ती उंबऱ्यातून हलली नाही. "मी गेली तं त्याइले वाटीन, खरंच रुख्माले कोणी नेलं." दुसऱ्या दिवशी आम्ही अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात निघालो. नामदेव तिच्याशेजारी बसेना, म्हणून ती टेम्पोच्या मागे रिकाम्या पोत्यांवर बसली, भर उन्हात.

तिथल्या डॉक्टरबाईंनी आम्ही घरून नेलेले फोटो त्याच्यापुढे ठेवले. आई, भाऊ, मी... सगळे त्यानं बरोबर सांगितले. वहिनीचा फोटो आला तसा त्यानं तो उलटा करून ठेवला. "हे तेच बाई हाय." डॉक्टरबाईंनी वहिनीला बाहेर पाठवलं आणि तिथून नामदेवला फोन करायला सांगितलं.

"अहो, मी रुख्मा बोलून राह्यली."

नामदेव ताडकन उभा राहिला. "कोठी हायेस वं तू? कधीचा तुले शोधून राह्यलो..." आणि तो लहान पोरासारखा रडू लागला. काचेच्या दारापलीकडे वहिनी तोंडात पदर कोंबून रडत होती.

एमआरआयच्या मशीनमध्ये मात्र तो जाईना. "मलेबी बदलून टाकतीन," म्हणून त्यानं दाराची चौकट धरली. तिथल्या दोघांनी ओढूनही पकड सुटेना. शेवटी वहिनीनं बाहेरून पुन्हा फोन लावला. "जा हो अंदर. तुम्ही भायेर येसान तवा मी अठीच हाओ." त्यानं फोन माझ्या हातात दिला आणि मुकाट आत गेला. बाहेर आल्यावर तो तिला ओळखणार नाही, हे माहीत असल्यानं तोवर मी आणि वहिनी एकमेकांकडे पाहूही शकलो नाही.

मेंदूचे फोटो आल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "यात वेड दिसत नसतं. पण उजव्या बाजूला जुना मार दिसतो. तो आणि तुमच्यासमोर जे घडलं ते, दोन्ही जोडून मी सांगते. यांना चेहरा नीट दिसतो. आपलं माणूस पाहून आतून जी ओढ उठते, ती उठत नाही; आवाज ऐकून मात्र उठते. मग मन म्हणतं, ही दुसरीच कोणी." औषधांना वेळ लागेल, पूर्ण बरं वाटेलच असं नाही, धारेच्या वस्तू घरात ठेवू नका, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

विळे, कुऱ्हाड, चाकू, सगळं माझ्या घरी आलं. वहिनी दारामागून बोलायची, ताट सरकवायची आणि बाजूला व्हायची. रोज जीव मुठीत. असे कित्येक महिने गेले. मग एका सकाळी भेंडी तोडताना नामदेव थांबला, तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मी दोघांच्या मधे जायला निघालो. तो म्हणाला, "रुख्मे, किती वाळली वं तू..."

गोळ्या त्यानं शेवटपर्यंत घेतल्या. घरात कोणाला असं काही झालं की गावोगावचे लोक त्याच्याकडे यायचे, आणि तो आपलं काम टाकून त्यांच्यासोबत अकोल्याला जायचा.

परवा डोणगावचा एक माणूस म्हाताऱ्या आईला घेऊन नामदेवच्या दारात आला. "मायले भिंतीवर मानसं दिसतात. नामदेवभाऊ हायेत का?" मी अंगणातून पुढे झालो, तोवर वहिनी चप्पल घालून बाहेर आली. "ते नाहीत आता. चाला माय, मी येतो संग."

मी टेम्पो काढला. नामदेव बसायचा त्या खिडकीपाशी आम्ही म्हातारीला बसवलं. वाटभर ती भिंतीवरच्या माणसांबद्दल बोलत होती, आणि वहिनी तिला एकेकाचं नाव विचारत होती.