बिशपांच्या रांगेत अलीमियाँ

बहरीनमधल्या मनामाच्या जुन्या बाजारात चांदीचे दागिने दुरुस्त करता करता राजापूरच्या अलीमियाँची चौतीस वर्षं गेली. एके दिवशी जवळच्याच झिंज वस्तीत राहणाऱ्या मार्टिना नावाच्या जर्मन बाई आजीचं ब्रेसलेट घेऊन आल्या. त्यात माशाच्या खवल्यांसारखी पातळ अशी पाच चांदीची नाणी होती. सहावं प्रवासात कुठेतरी पडलं होतं.

"हा कोण?" भिंग लावत अलीमियाँनी आपल्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. नाण्यावर एका हातात तलवार नि दुसऱ्या हातात धर्मदंड घेतलेला माणूस होता.

"आमच्या वुर्झबर्गचा संत. तिथे बिशपच राज्य करायचे, नाणीही तेच पाडायचे. चारशे वर्षं होत आली. सहावं तसंच करून द्याल? आणि सगळी चकचकीत करा."

"करून देतो. पण चकचकीत नको. घासलं तर त्याचे नाकडोळे जातील."

दुपारी दुकान बंद असताना ते पोलादाच्या ठशावर कोरत बसायचे. आठव्या दिवशी चांदीवर पहिला घाव घातला आणि कपाळावर हात मारला. ठसा उलटा कोरायचा असतो हेच ते विसरले होते; संताची तलवार डावीकडची उजवीकडे गेली होती! दुसरा ठसा करताना मात्र आरशात बघून कोरला. छाप अगदी हुबेहूब उठला.

आणि तिथेच ते अडखळले. हे जुनं म्हणून उद्या कुणाच्या गळ्यात मारलं तर? त्यांनी मागची बाजू कोरी ठेवली होती. तिच्यावर देवनागरीत कोरलं, 'अलीमियाँ, मनामा', आणि खाली चालू साल.

नाणं उलटून पाहताच बाईंचा चेहरा उतरला. "हे काय लिहिलंत?"

"माझं नाव, मॅडम. खोटं ते खोटं दिसलं पाहिजे."

बाई बराच वेळ नाण्यावरून अंगठा फिरवत राहिल्या. मग हसल्या. "माझी नातवंडं विचारतील, हा अलीमियाँ बिशप कुठला?"

"सांगा, राजापूरचा."

नईम मोहल्ल्यातल्या आपल्या घरी जेवताना त्यांनी ही हकिगत सांगितली तेव्हा त्यांची बायको तय्यबा पदर तोंडाला लावून हसली. "मग हुजूर, राज्य कुठं हाय तुमचं?"

अलीमियाँनी ताट पुढे सरकवलं. "आधी सुरमई वाढ."