वाचताना गाळलेला शब्द

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, देवापुढेसुद्धा कधी मोठ्यानं बोललेली नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? बहुधा तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि दुसरं म्हणजे — मला भीती वाटते. पूर्वीही वाटायची, पण अधूनमधून. आता महिनाभर रोज वाटते, चहा पिताना, भाजी चिरताना, कुणी नुसतं 'ताई' म्हणून हाक मारली तरी.

तशी मी भित्रीच. पालीला भिते, साहेबांना भिते, बँकेतल्या खिडकीमागच्या बाईलाही भिते. घरात त्यावरून माझी टिंगल चालते, मीही हसते. भित्रं माणूस कुणाचं काय वाईट करणार, असा सगळ्यांचा समज असतो. माझाही होता.

काही वर्षांपूर्वी मी एका व्यसनमुक्ती संस्थेत लागले. काम सोपं — घरोघर जायचं, एक प्रश्न वाचून दाखवायचा, हो की नाही ते लिहून घ्यायचं, खाली सही नाहीतर अंगठा. सिगारेट आणि विडीवरचा कर वाढवावा आणि तो पैसा पोरांना ही सवय लागूच नये यासाठी वापरावा, याला तुमचा पाठिंबा आहे का? — एवढाच प्रश्न. आमच्या जुळे सोलापुरात दार पुरतं उघडायच्या आत लोक हो म्हणायचे. स्वतः ओढणारेही. एक काका तर खिशातलं पाकीट दाबत म्हणाले, "वाढवा, तेवढीच आमची सुटेल."

मग मला शहराच्या पूर्व भागातल्या गल्ल्या मिळाल्या. तिथं दर उंबऱ्याशी एक बाई मांडीवर सूप घेऊन बसलेली. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. विडी. त्यावरच घरं चाललेली. विडी महागली, खप घटला, तर आधी कुणाच्या हातचं काम जाणार हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. पहिल्या दिवशी मी प्रश्न जसाच्या तसा वाचला. एका गल्लीतून एकही 'हो' मिळाला नाही. एका बाईनं तर मला दारातूनच वाटेला लावलं.

आणि साहेब म्हणाले होते, विडी वळणाऱ्या बायकांचा पाठिंबा दाखवता आला तर फार वजन येईल. माझी नोकरी तेव्हा पक्की नव्हती. माझे वडील सिगारेटपायी गेले, हेही मी तुम्हाला सांगू शकते — आणि तुम्हाला माझी दयाही येईल. पण खरं सांगू? त्या दिवशी मला वडील आठवलेच नव्हते. साहेबांचा चेहरा तेवढा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी लांबची गल्ली घेतली. पहिलंच घर नरसम्माचं. साठीची तेलुगू बाई, वाचता येत नव्हतं, पण गल्लीतली भांडणं तिच्या ओट्यावर मिटायची. तिनं मला पाट दिला, तांब्याभर पाणी दिलं. मी कागद धरला आणि वाचलं — "सिगारेटवरचा कर वाढवावा का?" विडी हा शब्द तिथंच छापलेला होता. मी तो गाळला.

"सिगरेट व्हय? वाढवा की," ती म्हणाली. "जावई वढतोय माझा, लई खोकतोय. म्हाग झाली तर सुटंल तरी."

एवढ्यावर ती थांबली नाही. उठली, दारोदार हिंडली, तेलुगूत एकेकीला सांगत गेली. नरसम्मा सांगते म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? तासाभरात गल्लीतल्या सगळ्या बायकांचे अंगठे माझ्या पिशवीत होते.

पुढे संस्थेनं कार्यक्रम केला. मागं मोठा फलक लावला — विडी वळणाऱ्या भगिनींचाही करवाढीला पाठिंबा. पेपरात फोटो आला. त्यातला फलक विडी कारखान्याच्या माणसानं बायकांना वाचून दाखवला. दोन दिवसांनी दहा-बाराजणी संस्थेत आल्या, पुढं नरसम्मा. साहेबांनी मला आत बोलावलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "प्रश्न पूर्ण वाचला होता ना?"

इतका वेळ मी गोल गोल फिरते आहे ती इथं यायला नको म्हणून. शब्द गाळला ते एक झालं. तिथं 'चुकलं' म्हटलं असतं तर फार तर नोकरी गेली असती. पण माझा आवाज अगदी स्वच्छ निघाला.

"हो सर. विडीचं मी दोनदा सांगितलं. नरसम्मांना सगळं समजलं होतं. बाकीच्यांना त्यांनीच पटवलं."

सगळ्या बायका तिच्याकडे वळल्या. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी टेबलाकडे.

गल्लीनं तिच्याशी बोलणं टाकलं. तिनं आमच्याकडून पैसे खाल्ले, असं पसरलं. कारखान्यात तिच्या विड्या खराब म्हणून परत यायला लागल्या, मग तिला पान-तंबाखू देणंच बंद झालं. हे मला ऑफिसातल्या एका मुलीकडून कळायचं. मी "अरेरे" म्हणायचे. कर दिल्लीत ठरतो. आमच्या कागदांनी त्यात काही फरक पडला का, मला ठाऊक नाही. मी पक्की झाले.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत जिना झाडायला नवी बाई आली. पाठमोरी पाहूनच ओळखलं. आठ दिवस तिची वेळ चुकवून बाहेर पडले. नवव्या दिवशी समोरासमोर आलो. शेजारची दारं उघडी होती. आता ही सगळ्यांदेखत बोलणार.

"ताई, वळकलं न्हाय का? मी नरसम्मा." तिनं झाडू भिंतीला टेकवला. "लेकीकडं असते आता, हितंच मागं. तुमाला एकदा भेटायचंच हुतं. तवा तुमी नीटच सांगितलं असनार. माझंच ध्यान नसंल, वय झालं की. माझ्यापायी तुमाला सायबाम्होरं उभं राहावं लागलं. मनात ठिऊ नका."

इतकी वर्षं ती असं समजून जगत होती. तिथं एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या तोंडात आलंही होतं.

"जाऊ द्या, नरसम्मा," मी म्हणाले. "होतं असं कधी कधी."

"लई बरं वाटलं बगा," ती म्हणाली, आणि तिला खरोखरच बरं वाटलेलं दिसत होतं.

मी तिला माफ केलं होतं. मग मी खाली आले, गाडी सुरू केली आणि शाळेत गेले. त्या दिवशी संस्थेतर्फे सातवीच्या मुलांना तंबाखूबद्दल सांगायचं होतं. सांगितलं.