दाराशेजारची दोन नावं

“हाच कलर पायजे बघा,” म्हणत भगवानराव आबांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. फोटोत त्यांच्या होणाऱ्या व्याह्यांचा नवा बंगला होता. भडक केशरी, कडेनं जांभळे पट्टे. आणि मी उभा होतो युसूफ वडगावात, त्यांच्या निजामाच्या काळातल्या घरासमोर. दगडी जोतं, चुन्याचा गिलावा. मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. नवरदेवाकडच्यांना घर जुनाट दिसायला नको, एवढाच त्यांचा हट्ट.

मी अंबाजोगाईचा पेंटिंग कॉन्ट्रॅक्टर. तीस वर्षं भिंती रंगवतोय, आणि रंगाच्या बाबतीत माझं डोकं लवकर तापतं.

“आबा, असला भडक रंग म्हणजे प्लास्टिक पेंट. तो ह्या भिंतीला चालत नाही. चुन्याची भिंत ओल आत घेते, बाहेर टाकते. वरून प्लास्टिक चढवलं की ओल कोंडते, फुगे येतात.”

“कावून? आत्ता ऑइलपेंट हायच की!”

मी भिंतीला नख लावलं. निळ्या ऑइलपेंटचा तळहाताएवढा पापुद्रा त्यांच्या चपलेवर पडला.

“लग्नापुरता टिकला म्हंजे झालं,” आबा म्हणाले.

असलं काही ऐकलं की मला सामान उचलून घरी जावंसं वाटतं. पण घर फार सुरेख होतं. मी स्क्रॅपर काढला. जुन्या घराचा रंग ठरवताना मी आधी दाराशेजारी एक चौकोन खरवडतो. एकावर एक मारलेले सगळे रंग त्यात दिसतात.

निळ्याखाली हिरवा डिस्टेंपर लागला. हा स्वस्तातला, पाण्यानं निघणारा रंग. ओला स्पंज फिरवला तर खालच्या फिक्कट पिवळ्या चुन्यावर लाल अक्षरं. ‘चि. भगवान’. मी चौकोन वाढवला. ‘चि.सौ.कां. सुमन’. लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर आपल्याकडे नवरानवरीची नावं रंगवतात, ती ही. ऑइलपेंटनं लिहिलेली, म्हणून पाण्यानं गेली नाहीत.

“काकू, आधी बाहेर या!” मी ओरडलोच.

सुमनकाकू, आबांच्या पत्नी, कणकेच्या हातानंच आल्या. वाचलं आणि हसायलाच लागल्या. “दुसऱ्याच दिवाळीला झाकलं व्हतं ह्यांनी!”

“परत झाका बरं, पेंटर,” आबा लाजून म्हणाले. “पाव्हणे हसतील.”

काकूंचं हसू गेलं. “सातबाऱ्यावर माझं नाव न्हाई. दारावरच्या पाटीवर न्हाई. ह्या घरावर येकाच जागी हाय, अन् तेबी झाकता?”

मी उगाच स्पंज पिळत राहिलो. शेवटी आबांनी मोबाइल खिशात टाकला.

“बरं. मंग मारायचा कोन्ता?”

“अक्षरांच्या मागचा.”

चार दिवस ऑइलपेंट आणि डिस्टेंपर काढण्यात गेले. मग चुना, त्यात पिवडी, म्हणजे पिवळी माती, आणि पकडीसाठी डिंक. नावांभोवतीचा ब्रश मी दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही.

पहिला हात बसला आणि आबांनी बोंब ठोकली. “अबे, हळद पोरीला लावायचीय, घराला न्हाई!”

ओला चुना गडद दिसतो, वाळला की उतरतो. हे आधी सांगायला हवं होतं. मी आनंदाच्या भरात विसरलो, चूक माझीच. आबा रागानं समोर खुर्ची टाकून बसले. ऊन चढत गेलं तशी भिंत उजळत गेली. दुपारी ती गाईच्या तुपाच्या रंगाची झाली होती.

“लई भारी,” आबा म्हणाले. “मला वाटलंच व्हतं.”

जुन्या नावांच्या शेजारी मुलीचं आणि जावयाचं नाव मी स्वतः लिहिलं. लग्नात पाहुण्यांनी स्टेज सोडून त्या भिंतीसमोरच फोटो काढले. खुद्द व्याही चार नावांसमोर उभे राहून आले. आबा येईल त्याला सांगत होते, “आमी जपून ठेवलंय हे, इतकी वर्षं.” काकू शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी एकदाही खोडून काढलं नाही. मला इतकं बरं वाटलं की मी दोनदा जेवलो.

तेव्हापासून जुन्या घराचं काम घेताना माझी एक अट असते. रंगांचं शेड कार्ड उघडण्याआधी भिंत खरवडायची, आणि खरवडताना घरची बाई समोर पाहिजे.