सख्खा लेक

आज लोहाऱ्यातून निघताना माझ्या लेकाने सीटबेल्ट अंगावर न घेता पाठीमागूनच खोचून टाकला. गाडीची टुंटुं बंद झाली आणि त्याने गाडी रस्त्यावर घेतली.

कॉलेजला असताना मी याच रस्त्याने उमरग्याला जीपने जायची. जीप इतकी भरायची, की ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक माणूस बसायचा आणि ड्रायव्हर तिरका होऊन गाडी चालवायचा. प्रवासी नेण्याचा परवाना नव्हताच. "पोलिसानं इचारलं तर समदे एका घरचे म्हणायचं," असं तो आधीच बजावायचा.

एकदा हायवेच्या तोंडाशी पोलिसाने हात केला. डिझेलच्या वासात आम्ही सगळे श्वास धरून बसलो. शेजारची म्हातारी मात्र ड्रायव्हरकडे बोट दाखवत ठसक्यात म्हणाली, "माजा लेक हाय त्यो."

पोलीस वाकून जीपमध्ये डोकावला. "आजी, गाडी उलटली तर इमा मिळायचा न्हाय, अन् ह्यो जेलात जाईल. सख्खा लेक असता तर असं चालवू दिलं असतं का तुमी?"

म्हातारीने पदर तोंडाला लावला.

तेव्हा मला भीती फक्त पोलिसाची वाटली होती. आज स्टिअरिंगवर माझा सख्खा लेक आहे, आणि समोर हायवे आलाय.