दुखत नसलेला दात

कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय साहेब काही विकत घेत नसत. हातगाडीवर वरचे टोमॅटो कितीही लालबुंद असोत, यांचा हात ढिगात शिरायचा आणि तळातला एक बाहेर काढायचा. "वरचा कांदा कुणीही चांगला ठेवतो," ते म्हणायचे, "खालचा दाखव." माल टोमॅटो असो, तांदूळ असो की मुलीसाठी सांगून आलेलं स्थळ, वाक्य कांद्याचंच असायचं.

मूळचे ते नामपूरचे. लहानपणी वडिलांबरोबर कांद्याच्या बाजारात जात, आणि ट्रॉलीत वर निवडक माल अन् खाली गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, कशी भरतात हे त्यांनी शाळेत जायच्या आधीच पाहून ठेवलं होतं. पुढे अंबडच्या एका कारखान्यात ते क्वालिटी इन्स्पेक्टर झाले. म्हणजे संशय घ्यायचा आणि त्याचा पगारही घ्यायचा. मी त्याच कारखान्यात स्टोअरला होतो, आणि पाथर्डी फाट्याजवळच्या एकाच कॉलनीत आमची घरं समोरासमोर. मी त्यांना साहेब म्हणायचो, ते मला स्टोअरवाले. दोघेही निवृत्त झालो, तरी त्यात बदल झाला नाही.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. तो गॅसच्या सिलिंडरचं सील दोनदा बघतो, औषधाच्या पट्टीवरची तारीख भिंगातून वाचतो, आणि आपण त्याला हसत हसत शेवटी त्यालाच विचारून फ्रिज घेतो. आमच्या कॉलनीत कुणीही त्यांना विचारल्याशिवाय गिझरसुद्धा बसवत नसे. एकच वस्तू ते न तपासता घ्यायचे, ती म्हणजे तंबाखूची पुडी. चिमूटभर चुना लावून मळलेली तंबाखू त्यांच्या डाव्या गालात सकाळी जी जायची ती जेवायच्या वेळेलाच बाहेर यायची. यावर वहिनी बोलल्या की ते आपल्या अहिराणीत उत्तर द्यायचे, "बठ्ठं ठीक शे." सगळं ठीक आहे, आणि विषय संपला.

आमचे जुने दातांचे डॉक्टर दवाखाना बंद करून मुलीकडे राहायला गेले, तेव्हा सगळी कॉलनी पोरकी झाली. नेमकी त्याच सुमाराला माझी उजवी दाढ ठणकायला लागली. फाट्यापासून इंदिरानगरपर्यंत पावलापावलावर दाताचे दवाखाने, त्यातला कुठला धरायचा? मी साहेबांना विचारलं. ते पायरीवर बसले होते. जरा विचार करून म्हणाले, "आधी मी जातो. माल पास झाला की मग तुमची दाढ."

त्यांची तपासणी बाहेरच्या चपलांपासून सुरू व्हायची. एकही जोड नसेल तर का नाही, आणि फार असतील तर डॉक्टर घाई करत असणार. आत गेल्यावर ते कुंडीतल्या झाडाचं पान चिमटीत धरून बघायचे. प्लॅस्टिकचं निघालं की माझ्याकडे बघून मान हलवायचे. भिंतीवरची सर्टिफिकेटं वाचायचे, डॉक्टरचे स्वतःचे दात निरखायचे, आणि हात धुतल्याचा आवाज आला की नाही याकडे कान लावून बसायचे. मी गाल धरून शेजारी.

पण खरी परीक्षा खुर्चीत बसल्यावर असायची. ती त्यांनी कारखान्यातून आणली होती. तिथं नवा इन्स्पेक्टर आला की साहेब एका अगदी निर्दोष पार्टला रिजेक्टचं लाल लेबल बांधून त्याच्या हातात द्यायचे आणि विचारायचे, यात काय खोट आहे सांग. लाल लेबल बघून बिचारा घाबरायचा आणि काहीतरी खोट काढायचाच. साहेबांचं म्हणणं असं, की जो नसलेली खोट काढतो तो उद्या असलेली झाकेल. तोच खेळ ते दाताच्या खुर्चीत खेळले. वरच्या बाजूची एक ठणठणीत दाढ बोटानं दाखवायची आणि सांगायचं, ही दुखते.

पहिल्या डॉक्टरांनी त्या दाढेला रूट कॅनॉल सांगितलं. दुसऱ्यांनी रूट कॅनॉल आणि वर कॅप. तिसऱ्यांकडे वेटिंगमध्ये कॉफीचं मशीन होतं. त्यांनी दाढ काढून इम्प्लांटच बसवा म्हणून सांगितलं आणि त्याचा व्हिडिओही दाखवला. प्रत्येक वेळी साहेब प्रसन्न चेहऱ्यानं बाहेर यायचे. आपला संशय खरा ठरला याचं सुख त्या माणसाला गोडधोड खाल्ल्यासारखं लागायचं. मी मात्र लवंगेच्या तेलावर दिवस काढत होतो.

चौथा दवाखाना एका किराणा दुकानाच्या वर होता. डॉक्टर तिशीची मुलगी, देवळ्याकडची. कुंडीत खरी तुळस होती, तिचं पान साहेबांनी तोडून वास घेतला. दवाखाना एवढासा, त्यामुळे मी बाकावरून सगळं ऐकत होतो. साहेबांनी दाढ दाखवली. तिनं आरशानं बघितलं, हलकेच ठोकून बघितलं, एक्स-रे काढला, तो उजेडात धरला.

"काका, ही दाढ चांगली आहे. हिला काहीच करायचं नाही."

साहेबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर मी तसा आनंद पाहिला नव्हता. पास झालेला माल पहिल्यांदाच सापडला होता. मी उठायच्या तयारीत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "जरा डावा गाल बघू." साहेब म्हणाले, तिकडं काही नाही. तिनं तरी गाल ओढलाच. बराच वेळ बघितलं. मग हातमोजे काढून त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसली आणि सावकाश सांगितलं, की आत एक पांढरा चट्टा आहे, तो तिला बरा वाटत नाही, हे तिच्याकडचं काम नाही. मोठ्या हॉस्पिटलात जाऊन तुकडा तपासून घ्यायला हवा, आणि तोही या आठवड्यातच. तिनं चिठ्ठी लिहून दिली. पैसे फक्त एक्स-रेचे घेतले.

जिना उतरून आम्ही स्कूटरपाशी आलो. साहेबांनी चिठ्ठी उलटसुलट बघितली.

"बघितलं स्टोअरवाले? स्वतःकडं काम निघालं नाही, तर दुसरीकडं पाठवलं. कमिशन असणार."

हे बोलताना ते माझ्याकडे बघत होते. एरवी ते निकाल सांगायचे आणि चालू लागायचे. त्या दिवशी थांबले. तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा मला विचारत होता, आणि मी नाही म्हणावं असं त्याला वाटत होतं. हे मला आज कळतं. त्या वेळी माझी दाढ ठणकत होती, चार दवाखाने फिरून मी कंटाळलो होतो, आणि त्यांच्याजवळ राहून राहून मलाही तेच वळण लागलं होतं.

मी म्हणालो, "असेल."

चिठ्ठी त्यांनी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. मी माझी दाढ ओळखीतल्या कुणाकडून तरी भरून घेतली. ती धड कधीच बसली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात साहेब भाकरी दुधात कुस्करून खायला लागले. मग एका बाजूनं चावायला लागले. तंबाखू बंद केली, तेव्हा वहिनी घाबरल्या, कारण इतकी वर्षं सांगून जे झालं नव्हतं ते न सांगता झालं होतं. हॉस्पिटलात नेलं तोवर चट्ट्याची गाठ झाली होती. ऑपरेशन झालं, अर्धा जबडा गेला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, आधी कुणी काही सांगितलं नव्हतं का? वहिनी नाही म्हणाल्या. त्यांना चिठ्ठीची कल्पनाच नव्हती. मी कॉटच्या पायथ्याशी उभा होतो आणि गप्प राहिलो.

त्यानंतर त्यांचं बोलणं फक्त वहिनींना समजायचं. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो, पेपर वाचून दाखवायचो. एक दिवस त्यांनी मला थांबवलं. उजवा हात वर केला, गोधडीत कोपरापर्यंत खुपसला, तळातून काहीतरी काढावं तशी मूठ बाहेर आणली आणि माझ्यासमोर उघडली. हातात ती चिठ्ठी होती, गोधडीखाली जपून ठेवलेली. चिठ्ठीवर त्या मुलीच्या दवाखान्याचं नाव छापलं होतं. त्या नावावर बोट ठेवून ते काहीतरी म्हणाले. वहिनींनी सांगितलं, "ही पास आहे म्हणताहेत. तुमची दाढ तिला दाखवा म्हणताहेत." त्या चिठ्ठीत काय लिहिलं होतं ते वहिनींनी विचारलं नाही. मी ती घडी करून खिशात घातली.

दिवाळीच्या आधी ते गेले. कॉलनीत आता लोक गिझर कुणालाही न विचारता बसवतात.

दाढेचं भरलेलं सिमेंट निघालं, तेव्हा मी एकटाच त्या किराणा दुकानावरचा जिना चढलो. तुळस वाढली होती. खुर्चीत बसल्यावर तिनं विचारलं, कुठं दुखतंय? आणि मी तुम्हाला खोटं सांगत नाही, माझं बोट आपोआप वरच्या चांगल्या दाढेकडे गेलं.

तिनं आरसा लावला, ठोकून बघितलं. मग थांबली.

"ही तर चांगली आहे. मागे एक काका आले होते, त्यांनीही अशीच चांगली दाढ दाखवली होती. तुम्ही होतात ना त्यांच्याबरोबर? त्यांनी तपासून घेतलं का?"

"उशीर झाला," मी म्हणालो.

मला तिला सगळं सांगायचं होतं, की तुमची चिठ्ठी माझ्या खिशात आहे, त्यांचा तुमच्यावर विश्वास बसत आला होता, मी एक शब्द बोललो आणि तो मोडला. पण तिनं नवे हातमोजे चढवले होते आणि दिवा माझ्या तोंडावर आणला होता.

"आता खरी दुखणारी दाखवा," ती म्हणाली.

मी खालच्या दाढेवर बोट ठेवलं. मग हात बाजूला घेतला आणि तोंड उघडलं, जेवढं उघडता येईल तेवढं.