निळं जाजम

हैदराबादेत काचीगुड्याला एका दुकानाच्या माडीवर आमचं मराठी वाचनालय होतं. तिथे एकही खुर्ची नव्हती. एक मोठं निळं जाजम होतं आणि वकील असो की कारकून, सगळे त्यावरच बसत. कचेरीतला हुद्दा चपलांबरोबर जिन्याशी काढून ठेवायचा, असा रिवाज होता.

तो घालून दिला मुन्शीकाकांनी. महसूल कचेरीत उर्दू कागद लिहिणारे हे गृहस्थ नेहमी काळ्या शेरवानीत असत. निजामाच्या अमलात साध्या व्याख्यानालाही इजाजत लागे. ती काढायला काकाच कोतवालीत जात, शिपायांची बोलणी खात आणि परत येऊन हसत जाजम अंथरत. वार्षिक सभेची सुरुवातही त्यांचीच: “हजरात, भावांनो, बायांनो, बसून घ्या.”

पोलीस कारवाईत निजामाचा अंमल संपल्यावर आमच्या कचेरीत पुण्याकडचे एक साहेब आले. आम्ही हरखलो. इतकी वर्षं वरिष्ठांपुढे उर्दूत बोललो, आता अस्सल मराठी बोलणारा आपला माणूस आला! वाचनालयाचे अध्यक्ष त्यांनाच करावं, हे मी सुचवलं. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या.

पहिल्याच बैठकीला साहेबांनी कचेरीच्या शिपायाकरवी खुर्च्या आणवल्या. पुढची रांग अधिकाऱ्यांची, मागची कारकुनांची. मग वार्षिक सभेची आखणी करताना ते काकांकडे न बघता म्हणाले, “मुन्शींना बोलायला देऊ नका. त्यांची मराठी अर्धी उर्दू आहे. आणि हा गुलामीचा पोशाख व्यासपीठावर नको.”

काका शांतपणे म्हणाले, “साहेब, हाच पोशाख घालून मी या वाचनालयासाठी इजाजत मागत फिरलो. तेव्हा आपण कुठे होता?”

साहेबांनी विषय बदलला. आजही ते आठवलं की अंगाची आग होते. ज्या माणसानं मराठीसाठी अपमान गिळले, त्याची मराठी तपासायला हे आले होते! आमच्या बापजाद्यांनी शेरवान्या घातल्या, म्हणून आम्ही काय बाटलो होतो?

सभेच्या दिवशी काका आले ते शेरवानीतच. कोपऱ्यात गुंडाळून टाकलेलं जाजम त्यांनी स्वतः खुर्च्यांपुढे अंथरलं आणि उभ्यानं नेहमीसारखंच म्हणाले, “हजरात, भावांनो, बायांनो, बसून घ्या.”

मागच्या रांगेतले काही जुने सभासद उठून खाली जाजमावर जाऊन बसले. मीही उठलो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी पुन्हा खुर्चीवर बसलो. साहेबांनी घसा खाकरून भाषण सुरू केलं. काका शेवटपर्यंत ताठ बसून ऐकत होते. त्यानंतर ते आले नाहीत.

दोन-तीन वर्षांनी साहेबांची बदली झाली. आम्ही चौघे काकांच्या घरी गेलो आणि पुन्हा वाचनालयात या म्हणून विनवलं. त्यांनी चहा पाजला, प्रत्येकाच्या मुलाबाळांची चौकशी केली. मग विचारलं, “जाजम आहे ना?”

आम्ही निरोप घेऊन उठलो. खुर्च्या आल्यावर ते अडगळ झालं होतं. साहेबांच्या सांगण्यावरून नव्हे, आम्हीच ठराव करून ते फाडलं होतं. त्याची पायपुसणी अजून जिन्याशी पडली होती. काका आले असते तर त्यांना त्यांवरच पाय पुसून वर यावं लागलं असतं.